शर्टाच्या पुढं जायचं न्हाय

अण्णा, बाई शुद्धीवर आली. आज सकाळी सव्वानऊला तिच्या जावेचा रत्नागिरीच्या दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर बघून गेले, तोंडातली नळी काढली, आणि बाई पहिलं काय बोलली तर, "माझी चप्पल कुठाय?" हे सांगताना जाऊ हसत होती आणि मधेच नाक ओढत होती. धोका टळला असं डॉक्टर स्वतः म्हणाले का, मी विचारलं. "व्हय ताई, डॉक्टरच म्हणले. म्या दोनदा इचारलं, तर चिडले माझ्यावर." सवयीनं मी समोरच्या कागदावर वेळ लिहिली, कुणी सांगितलं ते लिहिलं आणि खाली रेघ मारली. बातमी पक्की झाली की मी अशी रेघ मारते. मग दुसरा कागद घेतला आणि तुम्हाला लिहायला बसले. चार दिवस या एका फोनची वाट बघत होते.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यामुळं हे मुळापासून सांगायला हवं. तुम्ही होता तेव्हा मी पेपरात तालुक्याच्या बातम्या लिहायचे. आता माझ्याकडे रविवारची पुरवणी आहे. थंडी पडली की तिच्यात सहलीचं एक पान असतं. कुठं जायचं, कसं जायचं, काय खायचं, काय टाळायचं. आपल्याकडची माणसं आता फार फिरतात. दिवाळी झाली की चार बाया जमून जीप ठरवतात आणि घरात सांगून मोकळ्या होतात. नळदुर्गचा किल्ला, येडशीचं रामलिंग, गावामागची लेणी, सगळं दोन-दोनदा लिहून झालं. मग वाचकच म्हणायला लागले की समुद्राचं लिहा, मोठ्या घाटाचं लिहा. म्हणून यंदा कोकणावर लिहिलं. घाट उतरताना काय करायचं, कुठं थांबायचं, पाण्याजवळ काय सांभाळायचं. त्यातलं सगळं तुमचं होतं. माझं फक्त लिहिणं होतं.

ते पान वाचून अणदूरच्या आठ बाया निघाल्या. बचत गटातल्या. त्यातली एक ही बाई, अंगणवाडीची मदतनीस, आणि तिची ही जाऊ म्हणजे सगळ्यांची पुढारी. गेल्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तुम्ही सहली न्यायचा त्याच गावच्या किनाऱ्यावर त्या पोचल्या, जिथं नदी समुद्राला मिळते आणि मुखाशी वाळूचा दांडा पाण्यातून वर येतो. मी लिहिलं होतं की पाणी गुडघाभर असतं आणि दांड्यापर्यंत चालत जाता येतं. त्या चालत गेल्या. पाणी खरंच गुडघ्याच्या जरा वर होतं. दांड्यावर त्यांनी फोटो काढले, फुगड्या घातल्या, डबे सोडले. तासाभरानं परत निघाल्या तेव्हा तेच पाणी छातीला लागलं. एकमेकींचे पदर हाताला गुंडाळून त्या यायला लागल्या. मदतनीस सगळ्यात मागं होती, तिच्या हातातला पदर सुटला. होडीतल्या दोघांनी तिला वर काढलं तेव्हा ती हालत नव्हती. मी नंतर कॅलेंडर पाहिलं, अण्णा. द्वितीया होती. दीड वाजता भरती. त्या पाण्यात उतरल्या तेव्हा ते भरत होतं.

तुमचं वर्षभराचं काम लातूर, उमरगा, सोलापूर असं कोरड्या रस्त्यांवरचं. पण हिवाळ्यात शाळांच्या सहली निघायच्या, एसटीच्या आगारातून करारावर गाडी सुटायची, आणि कोकणची सहल असली की गुरुजी तुम्हालाच मागायचे. पहिली परीक्षा तुम्ही तुळजापूरच्या घाटातच घेत होता. तो केवढासा घाट, पण तुम्ही आरशातून पोरांची तोंडं बघत गाडी उतरवायचा. जो पांढरा पडेल त्याला सोलापूरला पुढच्या बाकावर आणून बसवायचं आणि हातात लिंबू द्यायचं. "इथं पांढरा पडलास, आंबा घाटात हिरवा हुशील." मग मागून कंडक्टरकाका ओरडायचे, "ड्रायव्हरसायेब, माझा बी रंग बघा की, सकाळपास्नं कुणी विचारीना." भरल्या पोटी घाट उतरायचा नाही आणि रिकाम्या पोटी तर मुळीच नाही, मूठभर फुटाणे खाऊन उतरायचा. कठड्यावर बसायचं नाही. दगड कोरडा दिसला तरी त्याच्यावर काळपट झाक असेल तर पाय द्यायचा नाही, ते शेवाळ असतं. माकडासमोर पिशवी उघडायची नाही. हे सगळं मी त्या पानात लिहिलं, तुमच्याच क्रमानं. लिहिताना मला तुमचा स्टेअरिंगवरचा डावा हात दिसत होता, त्याच्या दोन बोटांमध्ये कायम एक फुटाणा असायचा.

किनाऱ्यावर गेल्यावर मात्र तुमची पद्धत वेगळी होती. गाडी थांबली तरी दार उघडायचं नाही. पोरं आत शिट्ट्या मारतायत, गुरुजी घड्याळ बघतायत, आणि तुम्ही एकटे उतरून मासळी वाळत घालणाऱ्या त्या मावशीकडे जाणार. आपल्या घरात कधी अंडंही शिजलं नाही आणि तुम्ही तिच्या ओट्यावर सुक्या मासळीच्या शेजारी बसून चहा पिणार. "मावशे, आज पानी कसं हाय?" ती दरवर्षी हसायची. "तुमच्याकडचं पानी हिरीत बसून ऱ्हातं रे. आमचं चालतं. पोरांना आन, पन मुखाकडं सोडू नको." मग तुम्ही परत येऊन दार उघडायचा, अंगातला खाकी शर्ट काढायचा, बाह्यांनी बांबूला बांधायचा आणि तो बांबू ओल्या वाळूत रोवायचा. "पोराहो, ऐका. समुद्र लांब हाय, शर्ट जवळ हाय. शर्टाच्या पुढं जायचं न्हाय." अर्ध्या अर्ध्या तासानं तुम्ही बांबू उपसून मागं आणायचा नाहीतर पुढं न्यायचा, आणि तिथंच बनियनवर उभे राहायचा. इतक्या वर्षांत तुमच्या गाडीतलं एकही पोर वाहून गेलं नाही. तुम्ही हे कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवण्यासारखं काही घडलंच नाही, म्हणून असेल.

सहलीहून आला की तो शर्ट आई वेगळा धुवायची. त्याच्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा असायच्या आणि मासळीचा वास. "समुद्र तिकडंच ठिवून यायचा ना," आई चुलीपुढून म्हणायची, "शर्टात भरून कशाला आणलाय?" आणि तुम्ही म्हणायचा, "तुला न्हाई दावला कधी, म्हणून आणला." आईनं समुद्र पाहिलाच नाही. आपल्या स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीशेजारी कॅलेंडर होतं आणि त्याच्यावर सहलीच्या तारखांपुढं पेन्सिलीनं आकडे. मावशीनंच तुम्हाला ते गणित शिकवलं होतं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती, तिथून सहा तासांनी ओहोटी. जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची त्या गावात, चुलीजवळ उभं राहून तुम्ही समुद्राच्या वेळा काढत होता. "एवढं गणित येतंय तर मावशीला कशाला इचारता?" आईनं एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "गणित माझं हाय. पानी तिचं हाय."

नववीत असताना माझ्या शाळेची सहल तुमच्या गाडीतून गेली. त्या दिवशी मला तुमची लाज वाटली होती, हे आज लिहून टाकते. सगळ्या वर्गासमोर तुम्ही शर्ट काढला आणि बनियनवर बांबू रोवत होता. बनियनला बगलेत भोक होतं. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, "अगं, तुझे अण्णा कुस्ती खेळणारेत का?" आणि सगळ्या हसल्या. मी तुमच्याकडे पाठ करून वाळूत बसले ते निघेपर्यंत उठले नाही. परत आल्यावर बाईंनी सहलीवर निबंध लिहायला सांगितला. मी चार पानं लिहिली. नदीच्या मुखाशी पाणी गुडघाभर होतं, आम्ही मैत्रिणी हातात हात घालून चालत वाळूच्या दांड्यावर गेलो, लाटा पायाशी येऊन खेळत होत्या, असं काय काय. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. मी घरी येऊन आईला वाचून दाखवला. तुम्ही जेवत होता.

तुम्ही शाबास म्हणाल असं वाटलं होतं. तुम्ही घास थांबवून म्हणालात, "कधी?"

"कधी म्हंजे? गेलो तेव्हा."

"अगं, कधी गुडघाभर? सकाळी का दुपारी? भरतीला का वसरताना?"

"पोरीनं चार पानं लिहिल्यात," आई म्हणाली, "आधी जेवा की गप."

"लिहिल्यात ते बरंच हाय. पर गुडघाभर लिहिलंस तर कधी गुडघाभर ते बी लिही. पानी काय तुझी वही वाचून भरत न्हाय."

मी वही आपटली आणि रडायला लागले. तुम्ही हात धुतले, कॅलेंडरपाशी गेलात, ओठ हलवत हिशेब केलात. "दशमी होती. साडेसातला भरती. दुपारी दीडला वसरलं होतं." त्यानंतर तुम्ही आणखी एक वाक्य बोललात. ते शेवटी लिहिते. मी त्या निबंधात वेळ काही घातली नाही. वही मात्र जपून ठेवली, आणि यंदाचं पान लिहायला बसले तेव्हा तीच काढली.

या वेळी वेळ घातली होती, अण्णा. खरंच घातली होती. गुडघाभर पाण्याच्या वाक्यानंतर दोन ओळी होत्या. हे फक्त ओहोटीला, आणि ओहोटी कधी ते गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. मजकूर वेळेत दिला, पान लागलं. साडेचारला मिठाईच्या दुकानाची एक जाहिरात आली. पाचला पान सोडायचं असतं. पान लावणारा सहकारी म्हणाला, "ताई, दोन ओळी जास्त होतायत. कुठं मारू?" हे काम मी इतक्या वेळा केलंय की त्याला विचार लागत नाही. डोळा मजकुरावरून फिरतो आणि जी ओळ काढली तरी वाक्य मोडत नाही ती सापडते. मी त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. वाटलं, एवढं कुणालाही कळतं. सोलकढी चुकवू नये ही ओळ ठेवली. अगदी खाली सर्वांनी काळजी घ्यावी अशी एक ओळ होती, तीही ठेवली. तिच्यात काहीच नाही. पण ती असली की लिहिणाऱ्याला बरं वाटतं. चार वाजून चौतीस मिनिटांनी पान गेलं. तुम्ही 'कधी?' विचारलं असतंत, म्हणून वेळ लिहिली.

सोमवारी जावेचा पहिला फोन आला. पुरवणीच्या खाली कार्यालयाचा नंबर असतो, त्याच्यावर. मला वाटलं ही आता शिव्या देणार, आणि मी तयार होते. ती म्हणाली, "ताई, तुमीच लिहिता नव्हं ते? लई छान लिहिलं हुतं. कात्रण माझ्या पर्समदी हाय. भिजलंय, पर वाचता येतंय." मग सगळं सांगितलं. "पानी बघून आमी थांबलो हुतो. तर हीच म्हणली, चला की गं, गुडघाभरच हाय, पेपरात आलंय." मी ते वाक्य कागदावर उतरवून घेतलं. तीच म्हणाली, "आमचंच चुकलं बघा. आमाला पान्याची सवय न्हाय. तुमी काळजी घ्या म्हणून लिहिलंच हुतं की." मी विचारलं, आता कशी आहे? मशीन लावलंय म्हणाली. त्यानंतर रोज सकाळी फोन, आणि रोज मी तेवढंच विचारत होते, आता कशी आहे. दोन ओळींचं सांगायला एकदाही तोंड उघडलं नाही. बाईचा जीव वाचू दे, मग सांगू, असं मनाशी म्हणत होते. वाचली नसती तर सांगितलं असतं का, ते मला माहीत नाही.

संपादकांना मंगळवारीच सांगितलं, की काढलेल्या त्या दोन ओळी या रविवारी छापू या. ते माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत, मला ताई म्हणतात. माणूस वाईट नाही. "ताई, काळजी घ्यावी हे छापलंय आपण. त्या बायका स्वतः म्हणतायत आमचं चुकलं. तुम्ही कशाला ओढवून घेताय?"

"त्या तसं म्हणतायत, कारण दोन ओळी होत्या हे त्यांना माहीत नाही."

"मग कशाला कळवायचं?"

"मला माहीत आहे म्हणून."

त्यांनी पेपरवेट उचलून रविवारच्या पानाचा आराखडा पुढं ओढला. मग म्हणाले, "किती जागा लागेल?"

"दोन ओळी. आणि आम्ही त्या काढल्या होत्या, ही तिसरी."

"वरच्या चौकटीत घ्या. जाहिरात आली तर जाहिरात हलवू." उठताना त्यांनी विचारलं, "पण ताई, तुम्ही स्वतः गेला होता ना तिथं? पाणी पाहिलंय ना तुम्ही?" मी हो म्हणाले. पाहिलं होतं, त्यामुळं ते खोटं नव्हतं.

थकल्यासारखं वाटतंय, अण्णा. निवृत्तीला अजून अवकाश आहे. कामाचा हा थकवा नाही. इतकी वर्षं लोकांना कुठं जा, कसं जा, काय बघा ते सांगितलं, आणि खुर्चीतून उठून मावशीच्या ओट्यावर जाऊन बसणं माझ्याच्यानं एकदाही झालं नाही. अडतीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारवर सगळं चालवलं. ती मावशी तर कधीच गेली असेल. दांडासुद्धा जागेवरून सरकला असेल, होडीवाल्यांनी जावेला तसंच सांगितलंय म्हणे. "चार वर्सापूर्वी हितं दांडाच नव्हता बाय, कोण पेपरात लिहितं काय म्हाईत."

आता ते शेवटचं वाक्य. त्या दिवशी कॅलेंडरपुढं तुम्ही म्हणालात, "दुपारी दीडला वसरलं होतं, म्हणून त्या टोपलीवाल्या बाईला गुडघ्याएवढं लागलं." मी रडायची थांबले. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. आईला म्हणालात, "ताक हाय का थोडं?" आणि पाटावर येऊन बसलात. मी त्या पाण्यात उतरलेच नव्हते, हे तुम्हाला माहीत होतं. दिवसभर शर्टाशेजारी उभे होता, तुमच्यापुढून जाणार कोण? मी वाळूत तोंड फुगवून बसले होते आणि लांबून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन दांड्याकडे जाताना दिसली होती. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं होतं. माझं गुडघाभर म्हणजे तेवढंच. खोटं का लिहिलंस, असं तुम्ही विचारलं नाहीत. कधी, असं विचारलंत, म्हणजे मला सांगायला जागा राहावी. मी सांगितलं नाही. तेव्हाही नाही, आणि परवा संपादकांनाही नाही.

हे पत्र पाकिटात घालणार नाही. पुरवणीच्या फायलीत त्या पानाच्या मागं लावून ठेवीन. पान पुन्हा कुणी काढलं तर हेही हाताला लागेल.

बाईला शनिवारी सोडणार आहेत. पहाटे निघून चारच्या सुमाराला गाडी अणदूरला पोचेल, असं जाऊ म्हणाली. "तुमी बी या ताई. पिठलं-भाकर खाऊन जावा. कात्रण दावते तुमाला." मी येते म्हणाले. चौकट रविवारी छापून येईल. त्याच्या आधी त्या दोघींनी माझ्या तोंडून ऐकायला हवं, दोन ओळींचंही आणि टोपलीवाल्या बाईचंही. त्यानंतर पिठलं मिळेल की नाही ते तिथं गेल्यावर कळेल. कॅलेंडर आत्ताच बघून आले. शनिवारी अष्टमी आहे. सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. मी त्यांच्या दारात उभी असेन तेव्हा तिकडं पाणी भरत असेल.